म्याडमची दुर्बीण आन् माझी पाण्याची नळी

दिल्लीत ठरलेला एवढा मोठा रस्ता चुकतोय, हे सबंध देशात सगळ्यात आधी मला कळलं. आता मला कळलं म्हंजी ते कळणं किती वजनाचं आसंल, ते तुम्हीच वळखा. मी चौथीत साळा सोडली. खरं तर साळंनंच मला सोडलं. सही कराय येती, पर दर वेळी येगळी येती, म्हणून ब्यांकेत मला बघितलं की क्लार्क आधी च्या पिऊन येतो.

आमचं गाव शिरूर आन् दौंडच्या मधी. धंद्यानं मी गवंडी. शिक्रापूरला कंपनीतल्या पोरांसाठी लोकं भराभर खोल्या बांधाय लागली, तवा मीबी भराभर बांधाय लागलो. एका मालकाची सहा खोल्यांची चाळ उभी केली आन् सहाव्या खोलीला दार ठेवायचंच इसरलो. प्लास्टर झालं, रंग झाला, नारळ फुटला, आन् मालक इचारतो, "मिस्त्री, सहावीत शिरायचं कुठनं?" मी चारी बाजूंनी फिरून आलो. म्हणलं, "मालक, ही खोली लई सुरक्षित हाय. चोराच्या बापाला शिरता येणार न्हाई." कुरकुंभला एका घराचा जिना मी असा चढवला की वर गेलेला माणूस थेट भिंतीला भेटायचा. घरमालकीण म्हणली, "इथं देव्हारा करू, चढून आल्यावर माणूस पाया पडंल." देवमाणूस बाई!

तर असल्या माणसानं दिल्लीच्या रस्त्यावर संशय घेतला.

संशयाला कारण व्हतं. रस्ता माझ्या घराला खेटूनच आला. दोन माणसं एकावर एक उभी ऱ्हातील एवढा उंच भराव, त्याच्यावर रस्ता. भरावाच्या पल्याड सगळ्या गावची चढाची रानं. त्या रानाचं पाणी खाली यावं म्हणून भरावाखालनं एक चौकोनी मोरी काढल्याली, आन् मोरीचं तोंड आल्याड, आमच्या अंगाला. तोंडापासनं पंचवीस पावलं सिमेंटची नाली. नालीच्या डाव्या हाताला माझं घर.

हे घर मी माझ्या हातानं बांधलंय. सगळ्या खोल्यांना दारं हायत, मी मोजून बघितल्यात. पर खालच्या तीन थरांत सिमेंट कमी आन् इश्वास जास्त हाय. ते मला एकट्यालाच ठाऊक. त्या थरांना पाणी लागलं तर घर उभं ऱ्हाईल का बसंल, ह्याचा हिशोब म्या रोज करायचो आन् रोज उत्तर येगळं यायचं, सहीवानी.

त्यात गावच्या हाटेलात दुसरा इषय नव्हता. ज्याच्या त्याच्या फोनवर कुठला ना कुठला पूल पडत व्हता. एक पूल तर आम्ही सात जणांनी सात फोनवर सात येळा पाडला. च्या पीत पीत माणूस म्हणायचा, "ह्यो बघ, ह्यो उद्घाटनाच्या आधीच गेला," आन् दुसरा म्हणायचा, "हॅट, माझ्याकडं ह्याच्यापेक्षा भारी पडल्याला हाय."

तिथं आप्पा बसल्याले आसायचे. आप्पा म्हंजी आमचे शेजारी, ऐंशीच्या घरातले. गावातल्या सगळ्या सोयरिकी, भांडणं आन् बांध त्यांच्या डोक्यात. मी त्यांना म्हणलं, "आप्पा, आत्ताचे इंजिनेर सगळं काँप्युटरवर बांधत्यात. काँप्युटरवर पाऊस पडतो का?"

"न्हाई पडत."

"मंग ते भिजंल कसं? आन् भिजल्याबिगर माणसाला कळंल कसं?"

"तू तर एवढ्यांदा भिजलास," आप्पा म्हणले, "तुला काय कळलं?"

हाटेल हासलं. मला लागलं. तसाच उठलो, घरी आलो, खुंटीवरची नळी काढली.

ही नळी म्हंजी गवंड्याचा देव. काचंवानी आरपार दिसणारा पाईप, बोटाएवढा जाड, त्यात पाणी भरायचं. एक टोक तुम्ही धरा, एक टोक मी धरतो. दोन्हीकडं पाणी एकाच उंचीला थांबतं. त्याच्यावरनं जमीन कुठं उतरती, कुठं चढती, ते कळतं. हजारो घरं ह्या नळीवर उभी हायत. माझी काही बसलीबी, पर त्यात नळीचा दोष न्हाई.

कारभारणीला म्हणलं, "चल, दुसरं टोक धर."

"भाकरी तव्यावर हाय."

"भाकरी जळू दे, घर बुडतंय!"

"कुठं बुडतंय? मी तर कोरड्यात उभी हाय."

शेवटी आली. हातात नळीचं टोक, आन् दुसऱ्या हातात उलथनं तसंच. म्या नालीच्या तोंडाला, ती नालीच्या टोकाला. खुणा केल्या, बोटं लावली. निकाल आला: नालीचा तळ घराच्या अंगाला चार बोटं खाली! म्हंजी पल्याडच्या सगळ्या रानाचं पाणी सरकारी खर्चानं थेट माझ्या चुलीपर्यंत.

मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. घर बुडणार ह्याचं दुःख व्हतं, पर दिल्ली चुकली ह्याचा आनंद त्याच्या डोक्यावर बसला व्हता. सबंध गावात नळी गळ्यात घालून फिरलो, गारुड्यावानी.

मंग साईटच्या आपिसात गेलो. आपिस म्हंजी पत्र्याचा डबा, आत एसी. आत एक पोरगी. डोक्यावर हेल्मेट, बुटांवर सिमेंटची भुकटी, समोर ल्यापटॉप. इदर्भाकडची व्हती. मला वाटलं साहेबांची कुणी आसंल. साहेब तीच निघाली.

"म्याडम, तुमचा रस्ता चुकलाय."

"कुठे चुकलाय, मामा?"

"माझ्या घरात."

ती हासली न्हाई. खुर्ची दिली. ल्यापटॉप फिरवून दाखवला. त्यात रंगीत रेघा. "हा बघा उतार. पाणी तुमच्या घरापासून लांब जातं. नालीच्या पुढे ओढा लागतो, त्यात पडतं आणि ओढ्याने खाली निघून जातं."

ओढा म्हणल्यावर मी ल्यापटॉप हळूच परत तिच्याकडं फिरवला.

"म्याडम, रेघा राहू द्या. माझी नळी चार बोटं घराकडं दावती."

"चला, बघू तुमची नळी."

मला वाटलं व्हतं हाकलतील. ही तर डब्यातनं भायेर आली, उन्हात. तीन पायांची दुर्बीण लावली, एका पोऱ्याला पट्टी घेऊन टोकाला उभं केलं, एक डोळा झाकून बघितलं, आकडे लिहिले. मंग माझी नळी हातात घेतली. उन्हाकडं धरली. सरकवत सरकवत मधी आली आन् थांबली.

"मामा, नळीत हवा आहे."

"हवा तर सगळीकडंच आसती, म्याडम."

"हा बुडबुडा बघा. तो असला की दोन्हीकडचं पाणी सारखं राहत नाही."

बघितला. द्राक्षाएवढा व्हता. भाकरीच्या घाईत नळी भरली, झटकायचं ऱ्हायलं. सतरा वर्षं गवंडीकाम केल्याल्या माणसाला एका पोरीनं बुडबुडा दावला, तेबी दुर्बीण बघाय आल्याले आप्पा मागं उभे आसताना. आप्पा नुसते खाकरले. त्या खाकरण्यात सहाव्या खोलीचं दार, कुरकुंभचा जिना, सगळं आलं.

आता माणसानं गप घरी जावं. मी न्हाई गेलो. म्हणलं, "नळी खोटी आसंल, दुर्बीणबी खोटी आसंल. पाणी खोटं बोलत न्हाई. पाणी सोडून दावा."

मला वाटलं, ही न्हाई म्हणंल. म्हणली, "उद्या दहा वाजता. धुळीवर मारायचा टँकर आहे आपल्याकडे. दोन सोडू."

दुसऱ्या दिवशी गाव लोटलं. हाटेलवाल्यानं शेगडी उचलून भरावावरच मांडली. बायका पदर डोक्यावर घेऊन माझ्या पत्र्याच्या सावलीला बसल्या, जणू माझ्या घरी कार्यच हाय. कुणी म्हणायचं म्याडम जिंकंल, कुणी म्हणायचं म्याडमच जिंकंल. माझ्या बाजूनं कोण बोललंच न्हाई. कारभारीण मागच्या दाराच्या उंबऱ्यात खराटा घेऊन उभी. "आलंच तर झाडून काढीन," म्हणली. ती एकटी माझ्या बाजूनं व्हती म्हणायचं, पर खराटा कुणासाठी हाय ते काही बोलली न्हाई.

टँकर पल्याड लागला. कॉक उघडला. मोरीतनं आवाज आला, घों घों, आन् पाणी भायेर. फेसाळत नालीत पडलं. सगळ्यांनी माना लांब केल्या. पाणी थोडं थांबल्यागत झालं आन् चाललं सरळ उजवीकडं, घराला पाठ करून, शहाण्या लेकरावानी. म्याडमनं सांगितलं तसंच्या तसं.

टाळ्या पडल्या. हाटेलवाल्यानं शिटी मारली. आप्पा म्हणले, "गवंड्या, आता नळी गळ्यातनं काढ आन् कमरंला बांध, पायजमा तरी ऱ्हाईल."

दुसरा टँकर लागला. पाणी नालीच्या टोकाला गेलं, रानात उतरलं. तिथं माझ्या कांद्याच्या वावराचा बांध. पाणी बांधाला जाऊन थडकलं. तुंबलं. फुगलं. इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आन् बांधाच्या कडंनं वळून मागं फिरलं. वावराला वळसा घालून हळूच, पाहुण्यानं पादत्राणं काढून यावं तसं, माझ्या घराच्या मागच्या दाराला आलं.

आतनं आरोळी आली, "आवं! चुलीपाशी आलं!"

आन् मी नाचाय लागलो. देवाशप्पथ सांगतो, दोन्ही हात वर करून नाचलो. "म्हणलं व्हतं का न्हाई! म्हणलं व्हतं का न्हाई! बुडलं, माझं घर बुडलं!" माझ्या घरात पाणी शिरतंय, तीन थर इश्वासाचे भिजतायत, आन् मी भरावावर चढून गावाला सांगतोय, बघा बघा, दिल्ली चुकली! कारभारीण खराट्यानं पाणी लोटतीय आन् मधनं मधनं खराटा माझ्याकडं दावतीय.

म्याडम नाचत नव्हती. ती नालीच्या टोकापर्यंत चालत गेली. फोनवर नकाशा काढला. नकाशा बघितला, कांदा बघितला. परत नकाशा. मंग तिथनंच हाक मारली, "मामा, इथे ओढा आहे ना?"

मी नाचायचा थांबलो.

"नकाशात निळी रेघ आहे, बरोबर इथून. ओढा कुठे गेला?"

गावाला ठाऊक व्हतं. सगळ्या गावानं माझ्याकडं बघितलं. मी आप्पांकडं बघितलं. आप्पा आभाळाकडं बघत व्हते.

"सांग की," आप्पा म्हणले. "का तोबी बुडबुडा व्हता?"

ओढा मी खाल्ला व्हता.

पाच-सहा वर्षं झाली. शेजारच्या रानात जेसीबी आल्याला, दोन तास मोकळा व्हता. ओढ्याला तर आठ महिने पाणी नसतं. मला वाटलं, ज्याला कामच न्हाई त्यानं जागा कशाला अडवायची? मुरूम टाकला, दाबला, वर माती, आन् कांदा लावला. कांदा लई भारी आला. मंग ओढ्याला माघारी यायची वाट सापडू नये म्हणून चांगला उंच बांध घातला. रान वर झालं, घर खाली ऱ्हायलं. गवंडी मीच, बांध माझाच, घरबी माझंच, आन् उतार बघायचं माझ्याच ध्यानात न्हाई आलं. नळी तवाबी खुंटीलाच व्हती.

हे सगळं मी म्याडमला गावादेखत सांगितलं. सांगताना वाटलं आता केस व्हणार. तर पोरगी त्या चिखलात उभी ऱ्हाऊन म्हणली, "मामा, चूक आमचीपण आहे. नकाशा जुना होता. इथे येऊन, चालत बघायला पाहिजे होतं. निळी रेघ दिसली, आम्ही धरून चाललो. ह्या कागदावर पाच जणांच्या सह्या आहेत."

"पाच सह्या!" मी म्हणलं. "आन् एकाचाबी बूट भिजला न्हाई?"

तिनं खाली बघितलं. तिचे भिजले व्हते. मला जरा कसंतरीच वाटलं, पर बोललो ते बोललो. आन् आजबी मी तेच बोलतो. एवढी दुर्बीण, एवढा ल्यापटॉप, एवढी भरावाची माती, आन् इथं ओढा हाय का, हे गावात एका माणसाला इचारायचं कुणाच्या डोक्यात आलं न्हाई. इचारलं आसतं तर मी खोटंच सांगितलं आसतं, ती गोष्ट येगळी. पर आप्पांनी खरं सांगितलं आसतं.

म्हंजी देशाची चूक अर्धी, माझी अर्धी, आन् पाणी सगळं माझ्या घरात.

म्याडमनं दुपारपर्यंत वर फोन लावले. एकदा मराठीत, एकदा हिंदीत, एकदा इंग्रजीत. इंग्रजीत बोलली तवा समोरच्यानं ऐकलं आसावं. ठरलं, ओढा परत उकरायचा, मशीन त्यांची, जागा ओढ्याची. म्हंजी माझ्या कांद्याची. तिनं दुर्बिणीनं माप घेऊन दोन्ही अंगांना खुंट्या ठोकल्या. मधलं अंतर पाच हात. "सकाळी मशीन येईल, मामा. खुंट्यांना हात लावू नका."

हात लावू नका म्हणल्यावर माझ्या हाताला खाज सुटती, ह्यो माझा जुना आजार. दिवेलागणीला मी टमरेल घेऊन रानात गेलो. पाच हात म्हंजी लईच झालं. दोन वळी कांदा जाणार. पाण्याला काय, साडेतीन हात लई झाले, जरा अंग चोरून जाईल. कांद्याच्या अंगाच्या सगळ्या खुंट्या दीड हात आत घेतल्या, वर पायानं माती सारखी केली, टमरेल तसंच भरल्यालं घेऊन घरी आलो. कारभारणीनं टमरेलाकडं बघितलं, माझ्या पायाच्या चिखलाकडं बघितलं, आन् ताट वाढलं. मी जेवाय बसलो. ती म्हणली, "जनावराला पाणी दावून येते," आन् भायेर गेली. जनावर आमच्याकडं एक शेळी. शेळीला पाणी पाजाय एवढा येळ का लागतो, हे मी इचाराय पायजे व्हतं. पर कालवण झकास झालं व्हतं.

सकाळी मशीन आली. म्याडम आली. आप्पा आले, हाटेलवालाबी आला. मी भाकरी चावतच रानात गेलो आन् माझा घास तोंडातच ऱ्हायला. खुंट्या माझ्या जाग्याला न्हाईत, तिच्याबी जाग्याला न्हाईत. पार कांद्यात शिरल्याल्या!

म्याडमनं दुर्बीण लावली. कपाळाला आठी. "मामा, मी पाच हात दिले होते. हे साडेसात भरतायत. कोणी हलवल्या?"

आता काय सांगू? मी हलवल्या म्हणावं तर चोरी, न्हाई म्हणावं तर कुणी हलवल्या त्याचा तपास, आन् तपासात परत मीच.

उंबऱ्यातनं कारभारीण बोलली. आवाज कसा, तुपावानी. "ह्यांनीच हलवल्या, ताई. काल जेवायच्या आधी रानात गेल्ते. मला म्हणले, देशाचं काम हाय, अडीच हात जादा गेले तर जाऊ देत, पर शेजाऱ्यापाजाऱ्याच्या घरात पाणी नको."

"खरंच, मामा?" म्याडमचा चेहरा उजळला.

आप्पांनी तर टोपी काढली. "गवंड्या, माझ्या हयातीत तू पह्यल्यांदा काहीतर देऊन टाकलंस."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कालच्या टाळ्या म्याडमला, आजच्या मला. मी हात जोडले. आतनं अडीच हात कांदा रडत व्हता. कारभारणीकडं बघितलं, तर ती हळूच म्हणली, "चूल माझी हाय. कांदा इकत घेता येतो."

मशीन चालली. दुपारपर्यंत ओढा उघडा झाला. बांध फुटला, मुरूम निघाला, खाली जुनी वाळू लागली, गुळगुळीत, वल्ली. एवढी वर्षं दाबून ठेवली व्हती तरी तिचा वल्लेपणा गेला नव्हता. मी मूठभर घेऊन बघितली आन् कुणाचं ध्यान न्हाई बघून परत टाकली.

चार वाजता टँकर लागले. ह्या बारीला तीन. कारभारीण खराटा घेऊन तिच्या जाग्याला. म्याडम नालीपाशी. मी ओढ्याच्या पल्याडच्या काठाला, कांद्यात, जेवढा ऱ्हायला तेवढ्यात.

पाणी सुटलं. घों घों करत मोरीतनं, नालीतनं, आन् उतरलं ओढ्यात. तुंबलं न्हाई, फुगलं न्हाई, मागं फिरलं न्हाई. वाळू बघितल्यावर त्याला जणू घर घावलं. पळाय लागलं. मलाबी कुठनं एवढं अंगात आलं काय माहीत, मी काठाकाठानं त्याच्यासंग पळाय लागलो. "आलं! आलं! लिंबाखाली आलं! वळलं! गेलं, खाली गेलं!" माझ्यामागं गाव पळतंय, आप्पा काठी टेकत पळतायत, हाटेलवाला किटली घेऊन पळतोय.

पाणी घराच्या कोपऱ्याला वळसा घालून गेलं, दहा पावलं लांबनं. उंबरा कोरडा. कारभारीण आतनं वरडली, "न्हाई आलं!" आन् म्या म्हणलं, आता पल्याड जाऊन तिला सांगितलंच पायजे की आपलं घर वाचलं, जणू तिला दिसतच नव्हतं. लांबनं वळसा कोण घालतो. पायजमा खोचला, मागं चार पावलं गेलो, आन् उडी घेतली.

माझ्या डोक्यात ओढा साडेतीन हाताचाच व्हता.

मधोमध पडलो. पाठीवर. वरनं म्याडमचा आवाज, "मामा! लागलं का?" आप्पांचा आवाज, "राहू दे त्याला तिथंच, माप घेतोय तो!" काठावर सगळं गाव पोट धरून हासतंय, आन् आमची कारभारीण खराटा टाकून हासतीय. तिला मी लग्नापासनं एवढं हासताना बघितलं नव्हतं. मी तसाच पडून मान वळवली, घराकडं बघितलं. कालचे भिजल्याले तिन्ही थर उन्हात वाळून कोरडे ठाक. पाणी माझ्या छातीवरनं, दाढीवरनं, नाकावरनं गेलं, पर घराकडं त्यानं ढुंकूनबी बघितलं न्हाई.